नवं इंजिन आणि घोडबंदर रोड

नवी गाडी घेतली की पेढे आपण वाटायचे आणि सल्ले लोकांनी. दसऱ्याला गाडी दारात आली तेव्हा बाबांनी पहिलं वाक्य टाकलं, "हजार किलोमीटर होईपर्यंत काटा चाळीसच्या पुढे जाऊ द्यायचा नाही." शोरूममधला मुलगा किल्ली देताना नेमकं उलटं म्हणाला होता, "सर, आताच्या इंजिनांना रनिंग-इन वगैरे काही नसतं, बिनधास्त पळवा." आणि ऑफिसातला एक मित्र, जो दर रविवारी बाइक घेऊन लोणावळ्याला जातो, त्याने छातीठोकपणे सांगितलं की पहिल्या दिवसापासून पिळून काढायची, तरच इंजिन खुलतं, नाहीतर जन्मभर मठ्ठ राहतं.

गाडी साधीच आहे. १.२ लिटरचं पेट्रोल इंजिन, पाच गिअर, मॅन्युअल. मी डॅशबोर्डच्या कप्प्यातलं पुस्तक काढलं आणि सोफ्यावर बसलो. आमच्या घरात पुस्तिका वाचणारा मी एकटाच, मिक्सरचीसुद्धा वाचतो, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. रनिंग-इनला, म्हणजे नवं इंजिन सुरुवातीला जपून चालवून रुळवण्याला, त्यात जेमतेम अर्धं पान दिलं होतं. पहिले हजार किलोमीटर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबू नका. एकाच वेगाने फार वेळ चालवू नका, मग तो वेग कमी असो की जास्त. जागेवर इंजिन रेस करू नका. सुरुवातीला गरज नसताना कचकन ब्रेक मारू नका. आणि उभ्या गाडीत इंजिन फार वेळ चालू ठेवू नका. चाळीसचा आकडा कुठेही नव्हता. नंतर इतर कंपन्यांचीही पुस्तकं चाळली. शब्द इकडचे तिकडे, मजकूर हाच. ह्युंदाईवाले तर आरपीएमच, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, सांगून टाकतात, २,००० ते ४,००० च्या मध्ये ठेवा म्हणून.

उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवू नका! मी राहतो मानपाड्याला आणि ऑफिस ऐरोलीला. सकाळी घोडबंदर रोडला लागायचं, कापूरबावडी, माजिवडा, कळव्याचा पूल, विटावा, दिघा. अंतर असेल पंधराएक किलोमीटर. वेळ मात्र कापूरबावडी ठरवते. मेट्रोच्या कामाने रस्ता कधी इकडून कापलेला, कधी तिकडून, आणि त्यात उरणच्या बंदरातून गुजरातकडे निघालेले कंटेनरचे ट्रेलर. पहिला गिअर, हाफ क्लच, दोन गाड्यांएवढं पुढे, पुन्हा न्यूट्रल. पुस्तक लिहिणाऱ्याने हा रस्ता पाहिलेला नसावा.

या गाडीत मीटरच्या मधल्या पडद्यावर सरासरी वेग दिसतो. थोडे दिवस ऑफिसला नेल्यावर पाहिला, तर ताशी १४. मग कागदावर हिशेब केला. १४ च्या सरासरीने हजार किलोमीटर करायचे तर इंजिन ७० तासांहून जास्त चालणार, आणि त्यातला मोठा भाग जागेवर घरघरत. तेच हजार किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर ४५ च्या सरासरीने केले तर बावीस-तेवीस तासांत संपतात. म्हणजे माझे हजार आणि नाशिकला राहणाऱ्या माझ्या मेव्हण्याचे हजार हे एकच नव्हेत. ओडोमीटरवर आकडा सारखाच दिसेल, पण इंजिनाच्या आत घडलेली गोष्ट वेगळी असेल. ती नक्की काय, हे मला कळून घ्यायचं होतं.

त्यासाठी वागळे इस्टेटला गेलो. तिथे बाबांच्या जुन्या ओळखीचं एक रीबोरिंगचं, म्हणजे झिजलेले सिलिंडर पुन्हा कापून नीट करण्याचं, वर्कशॉप आहे. आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, १०८९ सीसीची, स्टिअरिंगला हँडल गिअर असलेली. तिचा बोअर याच मेस्त्रींनी केला होता. आता बरंचसं काम त्यांचा मुलगा बघतो, पण मोठे मेस्त्री अजून रोज येऊन बसतात. मी प्रश्न विचारला तसे ते काही न बोलता उठले आणि एका टेबलावर ठेवलेल्या ब्लॉककडे, म्हणजे सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या धडाकडे, घेऊन गेले.

नुकतंच होनिंग झालेला, म्हणजे सिलिंडर आतून दगडाने घासलेला, ब्लॉक होता तो. त्यांनी बॅटरी आत मारली. सिलिंडरच्या भिंतीवर तिरप्या बारीक रेघा दिसल्या, एक जोडी इकडून वर जाणारी, दुसरी तिकडून, एकमेकींना फुल्या मारत. "नख फिरवा." नख आडवं फिरवलं, बारीक खरखर लागली. "पाट्याला टाकी लावतात ना, तसंच. त्या रेघेत ऑइल थांबतं. आणि रेघेची जी धार वर आलेली असते ती पिस्टनभोवतीची रिंग घासून घेते. ती घासली की रिंग बसली."

मग शेजारचा दुसरा ब्लॉक दाखवला. ऑइल खाते म्हणून उघडलेल्या गाडीचा. आतून आरशासारखा लख्ख. मला तोच जास्त चांगला वाटला असता. मेस्त्री म्हणाले, "ही चकाकी वाईट. याला ग्लेझ म्हणतात. भिंतीवर ऑइल जळून त्याचा थर चढतो, रेघा बुजतात, रिंग नुसती घसरत राहते, धरत नाही." गाडी कुणाची होती कुणास ठाऊक, पण मालकाने फार जपून चालवली असणार असा त्यांचा अंदाज होता.

जपून चालवल्याने इंजिन बिघडावं हे मला पटेना. तेव्हा त्यांनी डब्यातून एक नवी रिंग काढली, बोटांनी दाबून बोअरमध्ये बसवली आणि खालून उजेड धरला. रिंगेच्या दोन टोकांमधली केसभर फट सोडली तर उजेड जवळजवळ कुठून येत नव्हता. "ही स्वतःच्या स्प्रिंगने भिंतीला टेकते, पण तो जोर किती? काहीच नाही. खरा जोर वरून येतो. पेट्रोल पेटलं की गॅस रिंगेच्या मागच्या खाचेत शिरतो आणि रिंगेला बाहेर दाबतो. गाडी चढावर ओढते तेव्हा हा दाब असतो. सिग्नलला उभी असते तेव्हा नसतो."

माझ्यासाठी सगळं कोडं तिथे सुटलं. बाबांचं चाळीस अर्धं खरं, कारण थंड इंजिनावर किंवा फार आरपीएमवर जोर दिला तर त्या घासणाऱ्या धारांपाशी उष्णता फार होते आणि भिंतीला ओरखडे जातात. बाइकवाल्या मित्राचंही अर्धं खरं, कारण दाबाशिवाय रिंग बसत नाही. मधला रस्ता म्हणजे इंजिन पूर्ण तापू द्यायचं, मग मध्यम आरपीएममध्ये कधी जोर द्यायचा, कधी सोडायचा, आणि एका वेगावर रेंगाळायचं नाही. ॲक्सिलरेटर सोडून गाडी गिअरमध्येच उतरू देण्यालाही मेस्त्री महत्त्व देतात. त्या वेळी सिलिंडरमध्ये ओढ तयार होते, ऑइल भिंतीवर चढतं, घासलेला चुरा धुऊन नेतं, असं त्यांचं म्हणणं.

शोरूमच्या मुलालाही झुकतं माप द्यायला हवं. मेस्त्री स्वतःच म्हणाले की कंपनीचं होनिंग त्यांच्यापेक्षा फार बारीक असतं. आता प्लॅटो होनिंग करतात, म्हणजे आधी रेघा पाडायच्या आणि मग त्यांच्या वरच्या धारा कारखान्यातच कापून टाकायच्या. खोलगट भाग ऑइलसाठी राहतो, टोकं बरीचशी आधीच सपाट झालेली असतात. त्यामुळे रीबोअर केलेल्या इंजिनाला जेवढं जपावं लागतं तेवढं नव्या गाडीला लागत नाही. पण "काही नसतं" हेही खरं नव्हे. नसतं तर कंपनीने अर्धं पान कशाला छापलं असतं? शिवाय गाडी आपल्या हातात येते तोवर यार्डात ती कुणी कशी चालवली हे देवालाच माहीत. कोपऱ्यातून कोपऱ्यात हलवताना थंड इंजिनावर फर्रकन पळवणारी पोरं मी डिलिव्हरीच्या आधी गाडी बघायला गेलो तेव्हा डोळ्यांनी पाहिली. रनिंग-इनमधला सर्वांत नाजूक भाग आपल्या आधीच कुणीतरी उरकलेला असतो.

तर मग मी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे गाडी ऑफिसला नेणं शक्य तितकं बंद केलं आणि कंपनीच्या बसने जाऊ लागलो. यावर घरात जे ऐकावं लागलं ते लागलं. "गाडी सोसायटीत आणि मालक बसमध्ये" हे वाक्य आमच्या हिने पाहुण्यांसमोरसुद्धा वापरलं. शेजारच्या विंगमधले एक गृहस्थ इलेक्ट्रिक गाडी घेऊन बसलेत, ते लिफ्टमध्ये भेटले की "बसलं का इंजिन?" एवढंच विचारायचे. त्यांना ना ऑइल, ना रिंगा. हसणारच. दुसरी गोष्ट, रविवारी पहाटे गाडी घेऊन बाहेर पडायचं आणि रस्ता निवडून निवडायचा.

ठाण्यातून रस्ता निवडणं हे वाटतं तितकं सोपं नाही. अटल सेतू डोळ्यासमोर येतो, २१.८ किलोमीटरचा, मोकळा, शंभरची मर्यादा. बघायला छान, पण रनिंग-इनसाठी निरुपयोगी. पाचव्या गिअरमध्ये एकच वेग धरून बसायचं, म्हणजे पुस्तक जे नको म्हणतं तेच. समृद्धी महामार्गही आता भिवंडीजवळ आमणेपासून सुरू होतो, ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून मित्रमंडळींची तिकडे रीघ लागली आहे. तिथेही तीच अडचण, वर १२० चा मोह. गायमुखच्या घाटात चढ चांगला आहे, पण ट्रेलरच्या मागे पहिल्या गिअरमध्ये चढण्याला चढणं म्हणत नाहीत.

मला उपयोगी पडला तो जुना नाशिक हायवे. माजिवड्यापासून वडप्यापर्यंत रुंदीकरणाच्या कामाने पहाटेसुद्धा धक्के खावे लागतात, पण तेवढ्यात इंजिन आपसूक तापतं. इथे एक बारीक गोष्ट. मीटरवरचा निळा दिवा विझला म्हणजे पाणी तापलं, ऑइल नव्हे. ऑइलला त्याहून वेळ लागतो, म्हणून दिवा गेल्यावरही काही किलोमीटर मी हलक्या पायानेच चालवायचो. पडघ्याच्या पुढे रस्ता मोकळा मिळतो. मग चौथ्यात साठ, तिथून ऐंशीपर्यंत बऱ्यापैकी दाबून, पाय सोडून गिअरमध्येच पन्नासपर्यंत उतरू द्यायचं, थोडा वेळ साधं चालायचं, पुन्हा तिसऱ्यातून वर. मागे आरशात ट्रक नाही हे बघून, अर्थातच. शहापूरच्या अलीकडे माहुली दिसायला लागला की चहा. शहापूर-खर्डी पट्ट्यात चढउतार आपोआप मिळतात, मुद्दाम काही करावं लागत नाही.

मीटरमध्ये गिअर बदला म्हणून बाण येतो, त्याचं या काळात फार ऐकू नये असं माझं मत झालं आहे. तो बिचारा पेट्रोल वाचवायला बसवलेला असतो. चढावर चाळीसला चौथा टाका म्हणतो, आणि टाकला की इंजिन धाप टाकत आचके देतं. वरच्या गिअरमध्ये असं रखडवणं नव्या इंजिनाला जास्त वाईट. मी सरळ तिसऱ्यात राहायचो.

नाशिक हायवेला जायला वेळ नसला की येऊर. वनखात्याच्या गेटपुढचा चढ छोटा आहे, पण तापलेल्या इंजिनाने तिसऱ्यात ओढत चढायचं आणि गिअरमध्ये उतरायचं, एवढ्यासाठी उत्तम. क्वचित पाम बीच रोड. तिथले सिग्नल एरवी शिव्या खातात, पण वाशी ते बेलापूर या टप्प्यात थांबा, वेग घ्या, सोडा, असं ते आपोआप करून घेतात.

एका रविवारी बाबा शेजारी बसले. चाळीसचा विषय निघणार हे ठरलेलंच. पद्मिनीच्या मागच्या काचेवर त्यांनी "रनिंग इन" असं लिहून लावलं होतं, म्हणजे मागच्याने हॉर्न न मारता ओलांडून जावं. पहिलं ऑइल काढलं तेव्हा त्यात धातूची चमक दिसली होती, हे त्यांनी मला लहानपणापासून किती वेळा सांगितलं असेल. त्या काळच्या मशीनिंगला आणि साध्या मिनरल ऑइलला ते चाळीस बरोबरच होतं. मी त्यांना रिंगेचं सगळं समजावत होतो, ते मान डोलावत होते, आणि नेमका काटा ऐंशीला टेकून गाडीने टिंग केलं. "बघ, तीसुद्धा तेच सांगतेय!" जुलै २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांत हा ऐंशीचा इशारा सक्तीचा आहे, त्याचा रनिंग-इनशी काही संबंध नाही, हे मी सांगून पाहिलं. ऐकून घेतलं नाही.

ब्रेक आणि टायरकडे लोक लक्ष देत नाहीत. ब्रेकचे पॅड नवे असतात तेव्हा डिस्कवर त्यांचा सारखा थर बसावा लागतो, तोवर ब्रेक किंचित लाकडासारखा लागतो. रिकाम्या रस्त्यावर साठवरून वीसपर्यंत मध्यम दाबाने, मग थोडं चालवून डिस्क गार होऊ द्यायची, पुन्हा तसंच. असं केल्यावर पेडलचा अंदाज येऊ लागला. टायरवर साच्यातून काढताना वापरलेल्या पदार्थाचा अंश राहतो, त्यामुळे पहिले काहीशे किलोमीटर पकड पूर्ण नसते. टायरच्या कडेचे ते रबराचे केस आमच्या मुलीने एक एक करून उपटले, त्याने काही बिघडत नाही.

आणि वास. पहिल्या लांबच्या फेरीनंतर पार्किंगमध्ये गाडी लावली तर बॉनेटखालून जळका वास. हिने तिथल्या तिथे "परत करून टाक" म्हटलं. एक्झॉस्टवरचा कारखान्यातला संरक्षक थर आणि हाताळताना लागलेलं तेल पहिल्यांदा चांगलं तापलं की जळतं, त्याचा वास असतो तो. दोन-चार फेऱ्यांनी गेला. जात नसता, किंवा धूर दिसला असता, तर गोष्ट वेगळी.

ॲव्हरेज पहिल्या टाकीला १२ च्या आसपास होतं, आता १६ दाखवतं. पण हे सगळं श्रेय रिंगांना द्यायचं नाही, कारण पहिली टाकी घोडबंदर रोडवर जळली आणि नंतरच्या हायवेवर. फरक कळतो तो दुसऱ्याच ठिकाणी. सुरुवातीला ॲक्सिलरेटर सोडला की गाडी लगेच अडकल्यासारखी व्हायची, आता सैल वाहते. ऑइल मोजायची डिपस्टिक मी दर रविवारी निघण्याआधी, गार इंजिनावर, सपाट जागी बघायचो. खूण जिथे होती तिथेच राहिली. ऑइल खात नाही, म्हणजे रिंगा बसल्या, यापेक्षा जास्त पुरावा मला नको.

मेस्त्रींनी हजारला ऑइल बदला असा आग्रह धरला होता. तो मी मानला नाही. चुरा धरायला फिल्टर आहे, आणि काही कंपन्या कारखान्यातलं पहिलं ऑइल मुदतीआधी काढूच नका म्हणतात. होंडाच्या अनेक मॅन्युअलमध्ये तर रनिंग-इनच्या सूचनांतच ते लिहिलेलं असतं. पुढच्या ऑइलचा विचार मात्र मी केला, तो त्या तासांच्या हिशेबानेच.

पहिल्या फ्री सर्व्हिसला गेलो. तपासणी, धुणं, ऑइलची पातळी. सर्व्हिस ॲडव्हायझरने इंजिनात घालायच्या एका बाटलीचं नाव घेतलं, "नव्या गाडीला सगळेच घालतात सर." पुस्तकात नाही म्हणून मी नको म्हटलं. मग विचारलं, ऑइल कधी बदलायचं? "दहा हजार किंवा एक वर्ष, सर." मी पुस्तक बरोबरच नेलं होतं. मागच्या बाजूला कठीण परिस्थितीत चालणाऱ्या गाड्यांचं वेगळं वेळापत्रक असतं, सहसा कुणी तिथपर्यंत जात नाही. थांबत थांबत चालणारी वाहतूक, फार वेळ जागेवर चालू इंजिन, छोट्या फेऱ्या, धूळ. यातलं काही लागू होत असेल तर ऑइल निम्म्या मुदतीत. ते पान उघडून मी त्याच्यापुढे ठेवलं आणि सांगितलं की सोमवारपासून गाडी मानपाडा ते ऐरोली जाणार आहे.

त्याने सगळं वाचलं, डोकं खाजवलं. "सर, असं बघितलं तर ठाण्यातल्या सगळ्याच गाड्या यात येतात," म्हणाला, आणि जॉब कार्डवर पुढच्या ऑइलपुढे ५,००० लिहून दिलं.